बिनतळाचा तंबू आणि आमचे हे

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. तुझ्या तंबूत दोन दिवस काढल्यापासून पाठ सरळ होत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? थांबला असेल तर बरंच झालं, आणि नसेल तर त्यांना त्या तंबूच्या आसपास फिरकू देऊ नकोस.

आता मुद्द्याचं. हे टपाल कचेरीतून निवृत्त झाले त्याला पाच महिने झाले. एकतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं गावागावांच्या खणांत लावणारा माणूस खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला तो बसलाच. दिवसाला दोन शब्द, ‘हं’ आणि ‘नको’. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. मी शिवणाचं मशीन चालवता चालवता मधेच पाय थांबवून कानोसा घ्यायची, श्वास तरी चालू आहे ना म्हणून. हे मी तुला फोनवर रडत सांगितलं आणि तू काय केलंस, तर सख्ख्या बहिणीला ऐन थंडीत जंगलात पाठवलंस. वर म्हणालास, ‘माझा तंबू घेऊन जा, पिशवीत मावतो.’

मावतो, कारण त्याला तळच नाही. हे तू सांगितलं नव्हतंस. मी चोवीस वर्षं कपडे शिवते आहे. बिनबाह्यांचा सदरा गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून ‘बघा किती हलका झालाय’ म्हणायची मला कधी हिंमत झाली नाही. मधे एक काठी, वरून कापड, आणि खाली थेट जमीन. तीही दवाने गोठलेली, पाऊल टाकलं की करकर वाजणारी. मी चटई अंथरली तर तिच्याखालून एक उंदीर निघाला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मीच त्याच्या घरात न विचारता शिरलेय. (शिरलेच होते म्हणा.)

आणि ती शेगडी. चपलांच्या खोक्याएवढा पत्र्याचा डबा, त्याला चार काटकुळे पाय. तिचं धुराडं म्हणजे कागदासारख्या पातळ पत्र्याची गुंडाळी. ती उलगडून आडव्या बाजूने पुन्हा नळीसारखी गुंडाळायची आणि वर कड्या चढवायच्या. मी गुंडाळायला घेतली तर ती सापासारखी उसळून माझ्या हनुवटीवर बसली. खूण अजून आहे. गिऱ्हाइकं विचारतात, आणि धुराड्याने मारलं हे कुणाला सांगता येत नाही. तेवढ्यात ह्यांनी ती गुंडाळी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, “तू कड्या धर.” तीन शब्द. दादा, पाच महिन्यांत पहिल्यांदा मी लागोपाठ तीन शब्द ऐकले.

हे तिथेच थांबले असते तर मी तुला दुवा दिला असता. पण शेगडी पेटली आणि ह्यांच्यातली टपाल कचेरी उघडली. लाकडं वीतभरच हवीत म्हणून मला मोजून तोडायला लावली. मग बारीक, मध्यम, जाड असे तीन ढीग लावले, ओल्यांचा चौथा. मी जाड ढिगातलं एक लाकूड मध्यम ढिगात ठेवलं, तर ते उचलून, माझ्याकडे न बघता, परत जागेवर ठेवण्यात आलं. दर वीस मिनिटांनी एक मध्यम आत. मी आपल्या मनाने एक ओलं टाकलं तेव्हा तंबूभर धूर झाला. आम्ही दोघं डोळे चोळत बाहेर आलो आणि त्या कडाक्याच्या थंडीत उभ्या उभ्या मला ओल्या लाकडावर एक व्याख्यान ऐकावं लागलं. किती शब्द होते ते मोजले नाहीत, पण लग्न ठरवताना ह्यांचे वडील एवढे बोलले नव्हते. आत ऊब होती हे कबूल करते. मी शाल काढली, मग स्वेटर काढला. पण डोकं भाजतंय आणि तळपाय गोठताहेत, ह्याला ऊब म्हणायचं असेल तर म्हण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाऊनवर, डोक्याला मफलर बांधून, चहा उकळायची वाट बघत बसले होते. जमीन आदल्या दुपारच्या उन्हाने सैल झाली होती, खुंट्याही सैल झालेल्या. (तपासल्या का, असं मी आदल्या संध्याकाळी विचारलं होतं. उत्तर आलं, ‘हं.’) वारा खालून शिरला आणि तुझा हलका तंबू काठी सोडून उठला, धुराड्यावरून टोपीसारखा निघाला आणि पलीकडच्या झुडपावर जाऊन बसला. आम्ही तिथेच. शेगडी जागच्या जागी पेटलेली, वर चहा, चारी ढीग जसेच्या तसे, आणि समोर दहा पावलांवर जंगलचा रखवालदार, विस्तव नीट आहे ना ते बघायला आलेला. मग हे म्हणाले, “या, चहा झालाच आहे.”

आणि हसायला लागले. दादा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, माझ्या मफलरकडे बोट दाखवून. तो रखवालदारही हसला. मी नाही हसले. मी कप शोधत होते, आणि मला ते नीट दिसत नव्हते, धुरामुळे. ह्या सगळ्या अपमानाला तू जबाबदार आहेस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. तंबू न्यायला येतो म्हणालास, तर इतक्यात येऊ नकोस. तो सध्या आठ तुकड्यांत माझ्या कापायच्या टेबलावर आहे. उसवल्याशिवाय बेतता येत नव्हता. शिवण कुणी घातली होती ती घातली होती, त्यापेक्षा कच्चा धावदोरा बरा. आम्ही दोघं उभे राहू शकू असा मोठा बेतते आहे.

ता. क. २. धुराड्याच्या भोकाभोवतीचं ते न जळणारं कापड इथे मिळत नाही. हात दीड हात पाठव. रंग काळा नको असं हे म्हणताहेत. (सध्या ते खूप काही म्हणत असतात.) गुरुवारच्या आत पोचायला हवं, शनिवारी आम्ही निघतोय.