मागच्या खोलीत नेट आलं

आक्का,

जमलं! पुढच्या खोलीतल्या राउटरची वायर तुझ्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपला जोडलीय. त्यात लिनक्स ही नवी सिस्टिम टाकल्यापासून वायरीतलं नेट वाय-फायवर सोडणारा ब्रिज चार दिवस जुळत नव्हता. आज सकाळी जुळला. माझ्या फोनवर व्हिडिओ न अडकता चालला, तेव्हा मी ओरडलेच! तो लॅपटॉप मात्र बंद करू नकोस, नाहीतर नेट जाईल.

सहाची ऑनलाइन शिकवणी आता खोलीतूनच घे. पुढच्या खोलीत बाबा असतात म्हणून नेटसाठी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसायला नको.

मी काल्हेरला ड्युटीवर निघाले. आणि वायरीसाठी भिंतीला भोक कोणी पाडलं माहितीये? बाबांनी! तू सासर सोडून आल्यापासून तुझ्याशी एक अक्षरही न बोललेल्या बाबांनी. "तिला सांगू नको," म्हणाले. म्हणून लिहून ठेवतेय.

हेमाली