अबू खल्दूनकडे बसथांबा मागायला गेलो त्याची हकीकत

इर्बिद, गुरुवार

प्रिय नाएलमामांना,

कुतैबाचा सलाम. तुमच्या हाताचं आणि कपाळाचं इथूनच चुंबन घेतो. गुडघा कसा आहे? कुवेतच्या गारेगार ऑफिसात तो आणखी आखडतो असं आईचं मत आहे (आईच्या मते तुमचं जे काही दुखतं ते कुवेतमुळेच). इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे आई बरी आहे, ऑलिव्ह उतरवून झाली, आणि माझी गावभर शोभा झाली. तुम्ही इथे असतात तर ती झाली नसती, म्हणून सगळा दोष तुमच्यावर टाकून मोकळा होतो. बाबा गेल्यापासून तुम्ही दर वर्षी ‘पुढच्या ईदला नक्की’ म्हणता. अशा सात ईदा झाल्या, मामा. मला तुमची फार आठवण येते, हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढच्या गोंधळात राहून जाईल.

विद्यापीठातल्या आमच्या नागरिक मंडळाबद्दल फोनवर बोललो होतोच. तरुणांनी नागरिक म्हणून पुढे यावं, लोकांची कामं अंगावर घ्यावीत, असा उद्देश. दीड वर्षात आम्ही मुख्यतः कार्यशाळा घेतल्या. नेतृत्वावर चार, आणि दुसऱ्याचं ऐकून घेण्यावर एक (तिच्यात सगळे एकाच वेळी बोलत होते). शेवटी आमची अध्यक्ष रुबा वैतागली. मागच्या फाटकापाशी लोक भर उन्हात बसची वाट बघतात, तिथे सावलीचा थांबा एवढं एक काम तरी करून दाखवू, म्हणाली. नगरपालिका तयार झाली. फक्त वळणावरच्या ऑलिव्हच्या बागेतली दोन हात रुंद पट्टी हवी होती. ती बाग अबू खल्दूनची, आणि अबू खल्दून म्हणजे रुबाचेच वडील. तिने घरी विषय काढला, तर जमिनीचं बोलणं जेवताना करत नाहीत असं सांगून त्यांनी आणखी भात वाढून घेतला.

मग अक्कल मी पाजळली. म्हटलं, वडीलधारे जातात तसं रीतीने जाऊ, चांगली जाहा घेऊन. दहा-अकरा पुरुषांनी कोट घालून जायचं, समोर आलेली कॉफी खाली ठेवायची, आणि घरधनी ‘दिलं’ म्हणेपर्यंत ओठाला लावायची नाही. पाहुण्याची कॉफी थंड झाली की घराची अब्रू जाते, हे तुम्हीच शिकवलंत. वडिलांनी आधीच नकार शिजवून ठेवू नये म्हणून रुबाने घरात काही सांगायचं नाही असं ठरलं. मी फोनवर एवढंच म्हणालो की शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर काही मंडळी घेऊन येतो. (लग्नाची मुलगी असलेल्या घरी असा फोन गेला की लोक काय समजतात, हे अकरा सुशिक्षित डोक्यांपैकी एकातही आलं नाही.)

बोलायचं माझ्यावर आलं. तुमचं भाषण मला पाठ होतं, पण तुम्ही मला शेजारी बसवून न्यायचात ते नेहमी मुलगी मागायलाच. त्यामुळे मीही त्यांच्या वाडवडिलांच्या दानतीपासून सुरुवात करून, तुमच्या अंगणातलं सर्वांत मोलाचं जे आहे ते मागायला आलोय, डोळ्यांत तेल घालून जपू, असं सगळं तुमच्याच संथ सुरात म्हणत गेलो. आणि मध्येच माझ्या तोंडून तुमचा आवाज ऐकू आला, मामा. मी तिथेच थांबून कोटाच्या बाहीने डोळे पुसले. त्या घराने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला.

अबू खल्दून म्हणाले, “कॉफी प्या. ज्यासाठी आलात, ते दिलं.” आतून बायकांनी लग्नातली किलकारी घातली आणि आमच्या डोक्यावर गोड गोळ्या उधळल्या. तेवढ्यात आमचा सचिव लैथ याने, कॉफीचा पेला एका हातात धरून, थांब्याचा नकाशा उलगडला.

किलकारी थांबली. अबू खल्दूनने नकाशा स्वतःकडे ओढून घेतला.

“म्हणजे तुम्हाला बाग हवीय?”

“बाग नाही अम्मो, दोन हातांची पट्टी.”

“आणि मुलगी?”

याचं उत्तर तुमच्या भाषणात नव्हतं. मी म्हणालो, “मुलगीही हवीय, पण मंडळाचा तसा ठराव झालेला नाही.”

मुलगी हवीय हे खरं होतं, आणि ते मला त्याच क्षणी कळलं. दाराआड रुबा हसली, निदान मी तरी ते हसणंच समजतो. अबू खल्दूनने शब्द पाळून पट्टी दिली. मुलीचं मात्र, स्वतःच स्वतःसाठी मागणी घालणारा गडी आजच बघितला, म्हणाले, तुला मोठं कोणी नाही का? मी तुमचं नाव सांगितलं. ते जरा नरमले. “नाएल? मग त्याला घेऊन ये.”

त्यानंतरच्या सोमवारी सभा झाल्यावर रुबाने मला जिन्यात अडवलं. “ज्याच्याविषयी निर्णय, त्याला आधी विचारायचं, हे ऐकून घेण्याच्या कार्यशाळेत तूच सांगितलं होतंस ना?” मी तिथेच विचारलं, फार वाईट विचारलं. परीक्षेनंतर सांगते म्हणाली. थांबा मात्र तीन आठवड्यांत उभा राहिला. छपराला थोडा कल आहे, पण खाली सावली पडते.

जपून राहा, गुडघ्याला ऑलिव्हचं तेल लावा.

तुमचाच,
कुतैबा

ता. क. अबू खल्दूनने ईदनंतरचा दुसरा शुक्रवार दिलाय. तुमच्या वतीने मी हो म्हणून बसलोय. रजेचा अर्ज आजच टाका.

ता. क. दुसरा. रुबा नाही म्हणाली, तर त्या शुक्रवारी आपल्याला कुठेच जायचं नसेल. तरीही या. घरात आई आणि मी दोघंच असतो.