बारा बायकांचे हात आणि एक फोटो

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (खरंच वाकले आहे, एवढ्या लांबून तुला दिसणार नाही म्हणून सांगितलं.) तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही सगळे ठीक. तुझे बंधू ट्रक घेऊन गेलेत, महिन्याभराने उगवतील, आणि आईची नोकरी गेली. शेवटचं मुद्दाम हळूच सांगितलं, तरी दचकलीसच ना? आता शिव्या राखून ठेव आणि नीट ऐक, कारण नोकरी माझ्यामुळे गेली.

आमच्या वस्तीत एक फोटोवाल्या बाई येऊ लागल्या. बाई फार चांगल्या, त्यात वाद नाही. आम्हा पोरापोरींना त्यांनी एकेक आठवडा कॅमेरा दिला आणि सांगितलं, तुमचं जगणं तुम्हीच टिपा, मग फोटोला पाच प्रश्न विचारा: काय दिसतंय, खरं काय चाललंय, आपला त्याच्याशी काय संबंध, असं का होतं, आणि आपण काय करू शकतो. मला तर वेडच लागलं. घरातल्या गळक्या नळालाही मी पाचही प्रश्न विचारले. (चारांची उत्तरं मिळाली. पाचव्याला आई म्हणाली, आधी खाली बादली लाव.)

आई इस्पितळाच्या धुलाई खात्यात होती, हे तुला माहीत आहेच. वरून मळक्या चादरींची गाठोडी येतात, बारा बायका ती सोडतात, आणि घड्यांतून वापरलेल्या सुया निघतात. हातमोजे मागितले की मुकादम म्हणतो, आलेत, कपाटात आहेत. (किल्ली कुणाकडे आहे, हा सहावा प्रश्न बाईंनी शिकवलाच नव्हता.) एका सुट्टीला आईची कंबर धरली म्हणून मी मदतीला गेले. अठराच्या आतल्यांना तिथे मनाई, म्हणून बायकांनी मला गाठोड्यांमागे लपवलं. मी म्हटलं, तुमच्या हातांचा फोटो काढू द्या, तर एकीनेही हात पुढे केला नाही. शेवटी मी माझाच तळहात टिपला: मधोमध सुई, शेजारी लाल थेंब. आई किंचाळलीच. मी म्हटलं, अगं, पेनातली शाई आहे, फोटो उठून दिसावा म्हणून.

बाईंनी प्रदर्शन भरवलं आणि पाहुणे म्हणून बोलावलं कुणाला, तर त्याच इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांना! ते माझ्या फोटोपुढे थबकले, फार बोलका फोटो म्हणाले, चष्मा पुसला, आणि मग खालची ओळ वाचली. प्रामाणिकपणाची हौस म्हणून मी तिथे खात्याचं नाव लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मुकादमाने बाराही जणींना रांगेत उभं केलं आणि फोटो हातात धरून एकेकीचा तळहात ताडून पाहिला. ज्योतिषी काय बघेल इतक्या बारकाईने! एकीचा तळवा भाजलेला होता, ती सुटली. एकीचं करंगळीचं पेरच नव्हतं, तीही सुटली. मग तो म्हणाला, हात सापडेपर्यंत कुणीही घरी जायचं नाही. मला लपवल्याचं फुटलं असतं तर बाराही जणींची नोकरी गेली असती. म्हणून आईने हात पुढे केला आणि म्हणाली, माझाच. तंतोतंत जुळला. माझे हात तिच्यावरच गेलेत.

आता तिथे पाटी लागली आहे, फोटो काढण्यास सक्त मनाई. हातमोजे अजून कपाटातच आहेत. फोटोवाल्या बाई घरी येऊन रडल्या आणि म्हणाल्या, पण जाणीव तर जागी झाली. आई म्हणाली, झाली ना जागी, मग तिला म्हणावं उद्यापासून गाठोडी सोडायला जा. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

तर, तुझ्या शिवणाच्या दुकानात आईला काजं-बटणांना घेशील का? ती स्वतः कधीच मागणार नाही.

तुझी,
कॅमेरा परत केलेली भाची

ता. क. काजं-बटणं सावकाश बघ. तू या शुक्रवारी ये. सुई लागल्यावर सहा आठवड्यांनी रक्त तपासतात, आणि शुक्रवारी सहा आठवडे होतात. माझ्या वयाला बरोबर मोठं माणूस लागतं म्हणे. आईला सांग, भाचीला कापड घ्यायला नेते.

आणखी एक. ती शाई नव्हती. आईला सांगू नकोस. आपण शाईपायी नोकरी घालवली, असंच तिला वाटू दे. त्यावरून ती मला रोज बोलते, ते बरं वाटतं. आत्या, मला फार भीती वाटते गं. ये.