चौदा महिने न घेतलेली गोळी

९ जानेवारी
आज कंपनीत साडेतीनशे बुश, धातूच्या त्या छोट्या कड्या, मापून तपासले. मायक्रोमीटर एकदाही हातातून सुटला नाही. शिंदे सर म्हणाले, "मॅडम, तुमचा लॉट परत बघावा लागत नाही." बरं वाटलं. कंबर मात्र दुखतेय. सातपूरला बसमधून उतरल्यावर खांबाला धरून उभी राहिले जरा. हे म्हणतात, थंडी आहे.

१५ जानेवारी
कंबर नाही, हाडच दुखतंय. आडवं झालं की जास्त. ह्यांनी मला न विचारता कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमची अपॉइंटमेंट घेतली.
जेवणानंतर ह्यांनी रोजच्यासारखी गोळी हातावर ठेवली, पाणी दिलं. मी रोजच्यासारखी गालात धरली आणि बेसिनशी जाऊन चूळ भरली. चौदा महिने झाले.
हे कुठेतरी लिहितेय, पहिल्यांदाच.

२२ जानेवारी
स्कॅनचा रिपोर्ट. मणक्यात दोन जागा, खुब्यात एक. ह्यांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "मॅडम सांगतील काय ते." मीही वाचला होता, त्यांच्या खांद्यावरून.

२४ जानेवारी
मॅडमनी शांतपणे सांगितलं. स्तनातली गाठ तीन वर्षांपूर्वी काढली, पण तिच्याच पेशी आता हाडात.
"गोळी रोज चालू आहे ना?"
मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "एक दिवस चुकली नाही मॅडम. मी स्वतः देतो."
मॅडमनी कागदावर गोल काढून समजावलं. माझ्या गाठीला वाढायला इस्ट्रोजेन लागतं. पाळी गेली तरी शरीर चरबीतून थोडं बनवत राहतं, गोळी ते बनू देत नाही. गोळी चालू असूनही आजार वाढला, म्हणजे पेशींनी दुसरी वाट काढली असणार. पेशींना 'वाढा' म्हणून सांगणारे आणखीही घटक असतात शरीरात, त्यांच्यावर भागवायला त्या शिकतात. "मग ही गोळी बाद. दुसरं बघावं लागेल."
त्या गोलाकडे बघत बसले. बोलले नाही. का नाही बोलले?

२५ जानेवारी
रजा टाकली. लिहून काढते.
पहिलं दीड वर्ष घेतली, अगदी इमानदारीत. सकाळी मूठ मिटलेली असायची ती उघडायची नाही. दुसऱ्या हाताने एकेक बोट सोडवायचं. मायक्रोमीटर दोनदा पडला. तेवीस वर्षं मापं घेतली आणि मला पॅकिंगला बसवलं, खोकी चिकटवायला. तिथे टेपही फाडता येईना. आठ दिवस बंद करून बघू म्हटलं. दोन महिन्यांत बोटं मोकळी. परत माझ्या टेबलावर. गाठ तर काढलीच होती. रिपोर्ट स्वच्छ. वाटलं, झालं आता.

२८ जानेवारी
हे कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या पंकजशी भांडून आले. बनावट गोळ्या दिल्यास म्हणून. माणसं जमली. त्याने बिलं काढून दाखवली, म्हणाला, "काका, माझ्या आईच्या गोळ्यापण इथूनच नेतो मी." ह्यांनी ऐकलं नाही.
घरी येऊन म्हणाले, "तक्रार करणार. सोडणार नाही त्याला." मी चहा ठेवला तो उतू गेला. ओट्याशी उभी राहूनच बोलले.
"अहो, पंकजचं काही चुकलं नाही."
"म्हणजे?"
"मी घेतच नव्हते."
किती दिवस, विचारलं. सांगितलं.
"कुठे टाकायचीस?"
"बेसिनमध्ये."
उठले, बेसिनचा नळ घट्ट केला. गळत नव्हता.

२९ जानेवारी
बोलत नाहीत. सकाळी पंकजकडे जाऊन आले. काय बोलले, सांगितलं नाही.

१ फेब्रुवारी
मॅडमना मीच सांगितलं, बोटांसकट. हे शेजारच्या खुर्चीत, मान खाली. वाटलं, ओरडतील. त्यांनी पेन खाली ठेवलं.
"सांगितलंत ते बरं केलंत. गोळी हरली असं धरून मी पुढचं लिहिणार होते."
पेशी अजून इस्ट्रोजेनवरच जगत असतील तर तीच गोळी, जोडीला आणखी एक. नसतील तर वेगळं औषध. हाडाचा तुकडा तपासल्याशिवाय कळायचं नाही.
"बरी होईन?"
"हे पूर्ण जाणार नाही आता. थोपवून धरायचं."
"किती दिवस?"
"तुकडा बघू आधी."
मग म्हणाल्या, बोटांचं मला का नाही सांगितलंत? गोळी बदलून बघता आली असती. तेव्हा रडू फुटलं. हाडाचं ऐकून नव्हतं आलं.

५ फेब्रुवारी
खुब्यातून तुकडा काढला. भूल दिलेली जागा, तरी आतला दाब कळतो. कुणी लाकडात गिरमिट फिरवावं तसा.
रिक्षाने इंदिरानगरला परत. खड्डा आला की हे माझ्या पाठीमागे हात धरत. आठ दिवसांत पहिल्यांदा हात लावला. मुंबई नाक्याच्या सिग्नलला म्हणाले, "मला तरी सांगायचंस बोटांचं."
"सांगितलं होतं."
"कधी?"
"त्या दिवाळीत. करंज्या मुरडता येईनात तेव्हा. तुम्ही म्हणालात, जीव वाचतोय ना, बोटांचं काय घेऊन बसलीस."
ते बाहेर बघत राहिले. सिग्नल सुटला. रिक्षावाल्याने विचारलं, "पुलाखालून घेऊ का काका?" त्याने घेतली.
पाठीमागचा हात तसाच होता.
रिपोर्ट दहा दिवसांनी.