ठरावाले एकच हात

कारंजा (लाड),
१९ फेब्रुवारी १९७६

आदरणीय प्रेमाबाई,

तुमाले जय जिनेंद्र, आणि माझा जयभीम. इंदोरले लेकाच्या घरी तुमी रमल्या, गुडघ्याले आराम आहे, वाचून बरं वाटलं. इथं थंडी सरली. जिनिंग जोरात आहे, कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या राहतात. आमचे हे, शेषराव, कामावर जातात, येतात. बोलणं कमी झालं आहे त्याईचं.

जिनिंगच्या संस्थेत, संचालक मंडळात तुमच्या जागी कोण आलं, विचारलं तुमी. तुमच्या दिरानं, नथमलशेठनं, आपल्या सुनेले घेतलं, अंगुरीबाईले. म्या म्हटलं होतं, आता मशीनवरची बाई घ्या, कमलीबाईले घ्या. "हे संचालक मंडळ आहे, भागिरथाबाई," म्हणे, आणि सारे हसले.

पहिली बैठक आठवते. महिला वर्ष आहे म्हणून वरून सांगणं आलं, अन् आपल्या दोघीले घेतलं. एक शेठजीच्या घरची, एक बौद्धवाड्यातली, एका झटक्यात सारं भागलं. चहा आला. साऱ्याईले चांगले कप, मले कान तुटलेला. तुमी माझा कप उचलून तोंडाले लावला, तुमचा माझ्यापुढं सरकवला. नथमलशेठ पाहतच राह्यले. तुमी शेजारी बसल्या की माझा आवाज कापत नव्हता.

म्हणून तर जाळीचं आधी तुमालेच सांगतलं. मशीनचा पट्टा बायांच्या पाठीमागं उघडाच फिरे, त्याले आड जाळी नव्हती. तुमी स्वतः शेडमधी पाहाले आल्या. माझ्या नणंदेनं, गंगूनं, तुमाले मागं ओढलं, "मोठ्याबाई, इकडून नका जाऊ." बाहेर आल्यावर तुमी माझा हात धरला. म्हणाल्या, "भागिरथा, उद्या आपण दोघी मिळून हात वर करू."

बैठकीत नथमलशेठ म्हणाले, जाळी लावाची तर ऐन हंगामात मशीनी बंद ठेवा लागतील, उन्हाळ्यात पाहू. "ज्याईले आताच पायजे त्याईनं हात वर करा." म्या केला. ते तुमच्याकडे वळले.

"काय भाभी?"

तुमी खाली पाह्यलं.

माझा हात किती वेळ वर होता, मले माहीत नाही. खाली घ्याचं सुचलंच नाही. मग तुमी इंदोरले गेल्या, भेटल्याही नाही.

पत्राच्या शेवटी तुमी विचारलं, गंगू कशी आहे, लग्न ठरलं का तिचं. इतका वेळ दुसरंच लिहून राह्यली, ते याच्यापायी. ठरलं होतं, बाई. धनजचा मुलगा. संक्रांतीनंतर ती कामावर गेली आणि पट्ट्यानं लुगडं ओढलं. मशीन बंद करेपर्यंत काही राह्यलं नाही. शेषरावनं बहिणीले चादरीत बांधून घरी आणलं. मले पाहू दिलं नाही.

जाळी आता बसली. सुट्टीच्या दिवशी लावली. मशीनी बंद ठेवाच लागल्या नाही.

तुमी लिहिता, आपल्यानं काय होणार होतं, तूही राजीनामा दे, सुखानं राह्य. म्या देणार नाही. परवाच्या बैठकीलेही गेली. शेषराव म्हणे, "काहून जाते तिथं?" काय सांगू त्याईले? त्या खोलीत गंगूचं नाव घेणारं दुसरं कोणी नाही.

तुमचा हात वर आला असता तरी आपण हरलोच असतो. बाकी सारे नथमलशेठच्याच बाजूचे होते. हे म्या रोज स्वतःले सांगते. पण मग दोघी मिळून हरलो असतो. आणि गंगूले घरी आणलं त्या दिवशी म्या रडत तुमच्याच दारी आली असती.

आता येता येत नाही. तुमी कारंज्याले आल्या तरी मले निरोप धाडू नका.

तब्येतीले जपा.

एके काळी तुमची,
भागिरथा