गेना बुर्लाकोव यास घर देण्याबाबत

मी, क्लेमेन्स अलोइझोविच बेर्श, वय सदुसष्ट, धंदा घर तापवायच्या भट्ट्या व बॉयलर बसवणे, राहणार मायकुदुक, कारागंडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. फुप्फुसाबद्दल डॉक्टरीणबाईंनी जे सांगायचे ते सांगितले व मला ते समजले. मला कोणी दारू पाजलेली नाही, धाक घातलेला नाही. गेर्त्रुदा श्मिट्के यांनी घालून पाहिला, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. याआधीच्या मृत्युपत्रात सगळे पत्नी रोझालिया हिला दिले होते. ती आधी गेली, म्हणून ते रद्द.

कलम पहिले. मला रोझालियाच्या शेजारी पुरावे. बँड नको. नंतरच्या जेवणाला शेवयांचे सूप असावे, पण बसथांब्याजवळच्या खानावळीतून आणू नये. तो माणूस रश्श्यात पाणी घालतो आणि वर तोंड करून "कसं झालंय?" असे विचारतो.

कलम दुसरे. बँकेतील शिल्लक व मोटार मुलगा रोबर्ट यास. तो जर्मनीत सुखी आहे. दर रविवारी फोन करतो.

"पपा, घर विका आणि इकडे या. इथे बाल्कनी आहे."

"बाल्कनीत मी काय करू?"

"बसा की निवांत."

मुलगा गुणी आहे, पण मी बसणारा माणूस नव्हे, हे त्याला कधी कळले नाही. युद्धात आम्हा जर्मनांना इकडे हद्दपार केले, त्या मालगाडीतून माझ्या आजीने आणलेले जर्मन प्रार्थनापुस्तकही त्यानेच न्यावे. त्याच्या मुलांना ती भाषा वाचता येते. माझ्या वडिलांना ती रस्त्यात बोलायची चोरी होती.

कलम तिसरे. वर्कशॉप, वेल्डिंगचे यंत्र व सर्व हत्यारे माझ्या हाताखालच्या सेरिक यास. मी खाणीच्या बॉयलरखोलीत झाडू मारण्यापासून सुरुवात केली आणि हे वर्कशॉप उभे केले. सेरिकने माझ्याकडून सगळे शिकून घेतले, फक्त गिऱ्हाइकाचे पूर्ण ऐकून घ्यायला शिकला नाही. बाई "धूर येतो" म्हणाली की हा लगेच धुराडे उचकटतो. बाबा रे, आधी तिला बोलू दे. धूर कुठून येतो ते तिच्याच बोलण्यात असते.

कलम चौथे. हे देण्याघेण्याचे कलम नाही, पण पुढचे समजायला हवे म्हणून लिहितो. आमच्या चर्चमध्ये संत विन्सेंटच्या नावाने चालणारी साध्या माणसांची मंडळी आहे. पाद्री नाही, सिस्टर नाही. दर गुरुवारी प्रार्थना करून, खाण्याची पिशवी घेऊन, दोघादोघांनी अडलेल्यांच्या घरी जायचे. एकट्याने कधीही जायचे नाही. जे दार उघडेल त्याच्या आत ख्रिस्त बसला आहे असे मानून उंबरा ओलांडायचा. मी व रोझालिया जोडीने जात होतो. ती गेल्यापासून मला काही वाटेनासे झाले आहे. तिच्या शवपेटीवर माती टाकताना वाटले नाही, चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेतही वाटत नाही. विझलेल्या बॉयलरपुढे उभे राहावे तसे असते. फादरांना सांगितले तर म्हणाले, "वाटत नसेल तर नसू दे. गुरुवारी जा." मी जातो. पायांना रस्ता माहीत आहे.

रोझालियानंतर मंडळीच्या अध्यक्षा गेर्त्रुदा माझ्या जोडीला येऊ लागल्या. आमच्यातले बाकीचे काही जर्मनीला गेले, काही दफनभूमीत. मी गेलो की गेर्त्रुदाला जोडीदार उरत नाही. म्हणजे नियमाने तिलाही जाता येणार नाही आणि आमच्या वाटणीची सगळी दारे बंद होतील.

कलम पाचवे. घर गेना बुर्लाकोव यास.

गेना खाणीत होता. तिथे उजव्या हाताची बोटे गेली, मग दारूत फ्लॅट गेला. आमची पिशवी त्याला बरीच वर्षे जात होती, ती कोळशाच्या कोठारात, कारण तो तिथेच झोपायचा. दोन हिवाळे तो माझ्या मागच्या खोलीत आहे. प्यायचा थांबला असे मी लिहून देणार नाही, पण घरात पीत नाही. अट एकच: त्याने दर गुरुवारी गेर्त्रुदाबरोबर जावे.

"मला घरबीर नको, अलोइझिच," तो म्हणाला. "मेल्यावरही तू माझ्या डोक्यावर बसणार."

गेर्त्रुदा तर उसळलीच. "घेणाऱ्याला देणाऱ्यांत बसवायचं? उद्या पिशवी घेऊन पळाला म्हणजे?"

"पळतोय कसला! गुडघे बघितलेस का त्याचे?"

"क्लेमेन्स, मी त्याच्याबरोबर जाणार नाही. लिही तसं."

तिने नाही म्हटले की अट मोडली. मग घर विकून पैसे रोबर्टला, आणि गेना भर थंडीत परत कोळशात. म्हणून मी म्हटले, एकदा तिघे जाऊ, मग काय ते बोल.

पहिले दार काम्शात अपांचे; इकडे वडीलधाऱ्या बाईला अपा म्हणतात. या विधवा, आधी खाणीत माणसे खाली-वर नेणाऱ्या पाळण्यावर कामाला. वसंतापासून त्या आम्हाला दार उघडत नव्हत्या. कारण मला ठाऊक होते, कारण माझे कान अजून चांगले आहेत. गरिबाच्या तोंडचा घास आपण खाऊ नये, चहाचा एक घोट घ्यावा व उठावे, असा गेर्त्रुदाचा दंडक. आणि अपा दाराआड शेजारणीला सांगत होत्या, "पुढ्यात मांडलेल्याला हात न लावता उठतात. ज्यांना माझी भाकरी चालत नाही, त्यांची पिशवी मला कशाला?" हे मी गेर्त्रुदाला सांगितले होते. ती म्हणाली, कान तपासून घे.

त्या गुरुवारी तिने दार वाजवले. "अपा, आम्ही चर्चमधून." आत सामसूम.

गेनाने कोपराने दार बडवले. "अपा! या दोघांनी मला उपाशीपोटी चालवलंय. खायला आहे का काही?"

सपाता वाजल्या. दार उघडले. "तू कोण रे?"

"गेना. आधी पिशवी मला यायची, आता मी उचलतो."

"हात धू आधी."

तो वाडग्यावर वाडगे सूप प्यायला. बाउर्साक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, चहात बुडवून खाल्ले. "गेनादी, पुरे," गेर्त्रुदा दातांतल्या दातांत म्हणाली.

"खाऊ दे गं त्याला," अपा म्हणाल्या. "लांडग्यासारखा खातोय, खाऊ दे. आणि तू काय नुसती बघत बसलीस? दात दुखतात?"

गेर्त्रुदाने एक बाउर्साक घेतला. मग आणखी एक. निघताना अपांनी आमची पिशवी रिकामी करून घेतली, उरलेले बाउर्साक तिच्यात भरले आणि पिशवी गेर्त्रुदाच्या हातात दिली. पाहुण्याला रिकामे पाठवत नाहीत. गेर्त्रुदाने ती खांद्याला अडकवली.

मला त्या वेळी आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तरी जे घडले ते लिहिले आहे.

साक्षीदारास काही देता येत नाही, म्हणून गेर्त्रुदास काही नाही. हे कारण तिला पटणार नाही.

जिना उतरताना ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी जेवणानंतर लगेच निघायचं. दाढी करून ये."

हे ती गेनाला म्हणाली, मला नव्हे. तेव्हा कलम पाचवे कायम.

हे सर्व पुन्हा वाचले, खाडाखोड नाही, व दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

क्लेमेन्स बेर्श

साक्षीदार:
१. गेर्त्रुदा श्मिट्के (रश्श्याबद्दलचे कलम सोडून बाकी मान्य)
२. मारात झाक्सिबेकोव, शेजारी, औषधविक्रेता

मायकुदुक, कारागंडा
२३ नोव्हेंबर २०१८