तिसऱ्यांदाही पातळच

ती. आईस,
चिकट हातांनीच नमस्कार.

माझी तब्येत उत्तम आहे. परसातल्या पेरूंचा जॅम मात्र तिसऱ्यांदाही पातळच राहिला. वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, सगळं घेऊन बसलो होतो. एकही कच्चं फळ पातेल्यात जाऊ दिलं नाही. शेजारीण चाखून म्हणाली, "सरबत झकास झालंय हो, भाऊ!" डोकंच फिरलं.

तू अंदाजपंचे चार-दोन कच्ची फळं टाकायचीस, तेव्हा मीच तुला हसायचो; पण तुझा जॅम दरवेळी घट्ट व्हायचा. ती मुद्दाम टाकायचीस का गं?

धाकटी बहीण लिहिते, हल्ली तुला विसरायला होतं. तिला काय कळतंय! तरी पिकली किती नि कच्ची किती, ते या पत्राच्या पाठीवरच लिही आणि आजच धाड.

तुझा,
दीडशहाणा